जामीन मिळाला म्हणजे सुटला का?

19 मे 2024 च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरमध्ये एका भरधाव आलिशान गाडीने दुचाकीला उडवलं आणि दोन तरुण अभियंत्यांचा जीव गेला. गाडी चालवणारा अल्पवयीन असल्याचं समोर आलं. काही तासांत बाल न्याय मंडळाने त्याला जामीन दिला आणि एक अट घातली: रस्ते अपघातांवर 300 शब्दांचा निबंध लिहायचा. महाराष्ट्रभर संतापाची लाट आली. दोन जिवांची किंमत एक निबंध?

संताप रास्तच होता. त्या प्रसंगी ती अट अगदीच अशोभनीय होती, असं माझंही मत आहे. पण त्या गदारोळात एक गोष्ट हरवली. निबंध ही शिक्षा नव्हती, खटल्याचा निकालही नव्हता. ती जामिनाची अट होती, आणि खटला तेव्हा सुरूसुद्धा झाला नव्हता. तरीही चहाच्या टपरीपासून टीव्हीच्या पडद्यापर्यंत 'निबंध लिहून सुटला' हेच वाक्य फिरत राहिलं. एखाद्या नेत्याला, बिल्डरला, नटाला जामीन मिळाल्याची बातमी आली की दर वेळी हेच होतं. समर्थक पेढे वाटतात, विरोधक न्यायव्यवस्था विकली गेल्याचं सांगतात. दोघंही जामिनाला निकाल समजून बसलेले असतात.

म्हणून जामीन नेमका कशाचा, तो कोण देतं, कधी नाकारतं आणि मिळूनही माणूस तुरुंगातच का राहतो, हे जरा सावकाश पाहू.

आधी अटकेपासून सुरुवात

गुन्हा दाखल होतो म्हणजे पोलिस फिर्याद नोंदवून घेतात. हाच एफआयआर. एफआयआर हा आरोप असतो, पुरावा नसतो. त्यात नाव आलं म्हणून अटक झालीच पाहिजे, असंही नाही. 1 जुलै 2024 पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात अटक का गरजेची आहे, याची कारणं पोलिसांनी लिहून ठेवली पाहिजेत, हा जुना नियम तिच्यातही आहे. गरज नसेल तर नोटीस देऊन चौकशीला बोलवायचं. सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्येच बजावलं होतं की अटक करता येते म्हणून करायची, असं चालणार नाही.

अटक झालीच तर प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांच्या आत आरोपीला न्यायदंडाधिकाऱ्यासमोर उभं करावं लागतं. हा घटनेच्या 22 व्या कलमातला हक्क आहे. अटकेची कारणं आरोपीला समजेल अशा भाषेत, लेखी द्यावी लागतात. नोव्हेंबर 2025 मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे सगळ्याच गुन्ह्यांना लागू असल्याचं स्पष्ट केलं.

मग बातमीत दोन शब्द दिसतात: पोलिस कोठडी आणि न्यायालयीन कोठडी. कोर्टाच्या आवारात त्यांना 'पीसीआर' आणि 'एमसीआर' म्हणतात. पहिलीत आरोपी तपासासाठी पोलिसांच्या ताब्यात असतो. चौकशी होते, मुद्देमाल जप्त होतो. दुसरीत तो कारागृहात जातो. पोलिस कोठडी एकूण 15 दिवसांची असते. पूर्वी ती साधारणपणे पहिल्या 15 दिवसांतच संपवावी लागे. आता गुन्ह्याच्या स्वरूपानुसार पहिल्या 40 किंवा 60 दिवसांत तुकड्या-तुकड्यांनी मागता येते. जाणकारांची भीती अशी की उरलेली कोठडी बाकी आहे एवढ्या कारणावर जामीन अडवला जाईल. पहिल्या 15 दिवसांनंतरची पोलिस कोठडी लागू शकते, एवढंच कारण जामीन नाकारायला पुरेसं नाही, असं कायद्यात लिहिलेलं आहे. तालुक्याच्या कोर्टात ते किती पाळलं जातं, यावर मात्र लक्ष ठेवायला हवं.

जामीनपात्र आणि अजामीनपात्र

इथे बहुतेकांचा घोटाळा होतो. अजामीनपात्र गुन्हा म्हणजे ज्यात जामीन मिळतच नाही, असं सगळे धरून चालतात. तसं नाही.

जामीनपात्र गुन्ह्यात जामीन हा आरोपीचा हक्क आहे. तो हमी द्यायला तयार असेल तर पोलिस ठाण्यातूनच त्याला सोडावं लागतं. अजामीनपात्र गुन्ह्यात तो हक्काने मागता येत नाही; कोर्टाकडे अर्ज करायचा आणि कोर्ट परिस्थिती पाहून ठरवतं. एवढाच फरक. खुनाच्या आरोपातही जामीन मिळू शकतो आणि मिळतो.

कुठला गुन्हा कुठल्या रकान्यात, हे संहितेच्या परिशिष्टात दिलेलं आहे, आणि ते वाचून सामान्य माणूस चक्रावतो. निष्काळजीपणे गाडी चालवून कुणाचा जीव घेतला तर पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे, पण गुन्हा जामीनपात्र. बसस्थानकावर कुणाच्या खिशातून 12,000 रुपयांचा मोबाइल मारला तर तीन वर्षांपर्यंत शिक्षा, पण गुन्हा अजामीनपात्र. पहिल्यात हेतू नव्हता असं कायदा धरतो, दुसऱ्यात होता, हे त्यामागचं एक कारण सांगता येतं. तरीही या विभागणीचा मुळापासून फेरविचार व्हायला हवा होता असं मला वाटतं, आणि नवे कायदे आणताना ती संधी होती.

पुण्याच्या प्रकरणात ही विभागणीही लागू नव्हती. अठरा वर्षांखालच्या मुलाला बाल न्याय कायद्याचं 12 वं कलम लागतं. त्यात गुन्हा कोणताही असो, जामीन हाच नियम. सुटल्यावर मूल गुन्हेगारांच्या संगतीत जाईल, त्याला धोका होईल किंवा न्यायाचा हेतूच फसेल असं वाटलं तरच तो नाकारायचा. हा नियम श्रीमंताच्या मुलासाठी जितका आहे तितकाच झोपडपट्टीतल्या मुलासाठी. दुसऱ्यासाठी तो तितक्याच तत्परतेने वापरला जातो का, हा खरा प्रश्न होता, आणि तो फार थोड्यांनी विचारला.

मग कोर्ट नेमकं काय पाहतं?

जामिनाच्या अर्जावर आरोपी दोषी आहे की नाही, हे ठरत नाही. साक्षीदार तपासलेले नसतात, उलटतपासणी झालेली नसते. प्रथमदर्शनी आरोपात तथ्य किती, एवढं कोर्ट चाळून पाहतं. त्यापुढे मुख्य प्रश्न तीन. हा पळून जाईल का? पुरावे नष्ट करेल का? साक्षीदारांना धमकावेल किंवा फितवेल का? जोडीला गुन्ह्याचं गांभीर्य, शिक्षेचं प्रमाण आणि पूर्वीचे गुन्हेही पाहिले जातात.

प्रत्यक्षात होतं असं. आरोपीचा वकील अर्ज देतो. न्यायाधीश सरकारी वकील आणि तपासी अंमलदाराचं म्हणणं मागवतात. आपल्याकडे त्याला 'से' म्हणतात. 'से' येईपर्यंत अर्ज थांबतो. तपासी अंमलदार बंदोबस्तात असेल, तर पुढची तारीख. 'से'मध्ये बहुधा ठरलेली वाक्यं असतात: आरोपी फरार होण्याची शक्यता आहे, साक्षीदारांवर दबाव आणण्याची शक्यता आहे, तपास अपूर्ण आहे. चांगला न्यायाधीश विचारतो, ही शक्यता कशावरून? पत्ता पक्का आहे, नोकरी इथेच आहे, मुद्देमाल जप्त झालाय, मग आत ठेवून काय मिळवायचं? हा प्रश्न विचारला जातो की नाही, यावर अनेकांची वर्षं अवलंबून असतात.

न्या. व्ही. आर. कृष्ण अय्यर यांनी 1977 मध्ये याचं सूत्र सांगितलं: जामीन हा नियम, तुरुंग हा अपवाद. गुन्हा सिद्ध होईपर्यंत माणूस निर्दोष धरायचा असेल, तर निकालाआधीच त्याला वर्षानुवर्षं कोंडून ठेवणं म्हणजे आधी शिक्षा आणि मग चौकशी.

अटक होण्याआधीच सत्र न्यायालयात किंवा उच्च न्यायालयात मागतात तो अटकपूर्व जामीन. त्याच्याही कसोट्या साधारण याच. ॲट्रॉसिटी कायद्याखालच्या गुन्ह्यात मात्र त्याला कायद्यानेच बंदी आहे. तक्रार प्रथमदर्शनीच टिकत नसेल तरच कोर्ट अपवाद करतं.

'25,000 रुपयांचा जामीन' म्हणजे 25,000 भरले का?

बहुतेक वेळा नाही. आदेशात असं असतं: 25,000 रुपयांचा वैयक्तिक जातमुचलका आणि तेवढ्याच रकमेचा एक सक्षम जामीनदार. जातमुचलका म्हणजे आरोपीने लिहून दिलेली हमी की मी तारखेला येईन, नाही आलो तर एवढी रक्कम वसूल करा. जामीनदार तीच हमी त्याच्या वतीने देतो. पतसंस्थेच्या कर्जाला आपण जामीन राहतो तसंच हे आहे. सही करताना खिशातून काही जात नाही; कर्जदार बुडाला की नोटीस आपल्या दारात येते. इथे आरोपी फरार झाला तर कोर्ट जामीनदाराकडून दंडासारखी रक्कम वसूल करू शकतं. रोख भरून सुटण्याची सोयही आहे, तिला 'कॅश बेल' म्हणतात. ती रक्कम अनामत असते. अटी पाळल्या तर खटला संपल्यावर परत मिळते.

आता जामीनदार उभा करायचा म्हणजे काय, ते बघा. त्याचं आधारकार्ड, रेशनकार्ड, फोटो, राहत्या पत्त्याचा पुरावा. ऐपत दाखवायला सातबारा किंवा घरपट्टीची पावती, नोकरदार असेल तर पगाराची स्लिप. काही ठिकाणी तहसीलदाराचा ऐपतीचा दाखला मागतात, आणि तो मिळवण्यात दिवस जातात. यापूर्वी किती जणांना जामीन राहिला आहात, हे लिहून द्यावं लागतं. मग न्यायाधीशांसमोर उभं राहायचं: नाव काय, गाव कोणतं, आरोपी तुमचा कोण लागतो, तो आला नाही तर पैसे भरावे लागतील हे माहीत आहे ना? कागद तपासून होईपर्यंत चार वाजले आणि सुटकेचा आदेश वेळेत कारागृहात पोहोचला नाही, तर माणूस आणखी एक रात्र आत. आर्थर रोड कारागृहाबाहेर असे आदेश टाकायची पेटी होती. ती उघडायची शेवटची वेळ चुकली म्हणजे सुटका दुसऱ्या दिवसावर.

'जामीन श्रीमंतांनाच मिळतो' हे खरं की खोटं?

अर्धं खरं, आणि ते अर्धं फार मोठं आहे.

समजा, परभणीकडचा एक मजूर मुंबईत बांधकामावर आहे आणि त्याच मोबाइल-चोरीच्या आरोपात अटकेत गेला. कोर्टाने दहाव्या दिवशी 15,000 रुपयांच्या जातमुचलक्यावर आणि एका स्थानिक जामीनदारावर जामीन दिला. कागदोपत्री तो सुटला. पण मुंबईत त्याच्यासाठी पगाराची स्लिप घेऊन कोण येणार? मुकादम येणार नाही. भाऊ गावाकडे, त्याचा सातबारा दुसऱ्या जिल्ह्यातला. बायकोला कोर्टाचा पत्ताच माहीत नाही. आदेश फाइलमध्ये, माणूस बराकीत.

असंच एक प्रकरण 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आलं होतं. मध्य प्रदेशातल्या एका गवंड्याला जामीन मंजूर झाला, पण दंडाधिकाऱ्याने 10,000 रुपयांचा जामीनदार मागितला. भाऊ उभा राहिला, तर तो आणि त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून नाकारलं. कृष्ण अय्यर यांनी त्यावर कडक शब्दांत ताशेरे ओढले आणि 1,000 रुपयांच्या नुसत्या जातमुचलक्यावर त्याला सोडायला सांगितलं. आपल्याच देशात एका भारतीयाचा जामीनदार परका कसा ठरतो, हा त्यांचा सवाल होता. पुढच्याच वर्षी बिहारच्या तुरुंगांतल्या कच्च्या कैद्यांचं प्रकरण आलं. आरोप सिद्ध झाला असता तर जेवढी शिक्षा झाली असती, त्याहून जास्त काळ काही जण नुसते खटल्याची वाट पाहत आत होते.

कच्चा कैदी म्हणजे ज्याचा खटला अजून संपलेला नाही असा बंदी. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 2022 च्या आकडेवारीनुसार देशातल्या 5,73,220 कैद्यांपैकी 4,34,302 कच्चे कैदी होते. दर चारांतले तीन. ज्या देशात दोषी ठरलेल्यांच्या तिप्पट माणसं निकालाआधीच तुरुंगात आहेत, तिथे 'जामीन फार सहज मिळतो' ही तक्रार मला पटत नाही. नामवंत वकील असणाऱ्यांना तो लवकर मिळतो, हे दिसतं. त्यावर उपाय त्यांना उशीर करणं हा नाही. त्या मजुरालाही तेवढ्याच दिवसांत तो मिळावा, हा आहे.

60 आणि 90 दिवसांचं गणित

'पोलिसांनी वेळेत आरोपपत्र दिलं नाही म्हणून आरोपी सुटला,' अशी बातमी वाचून चीड येते. नियम असा. मृत्युदंड, जन्मठेप किंवा दहा वर्षं वा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत 90 दिवसांत, बाकी गुन्ह्यांत 60 दिवसांत तपास पुरा करून आरोपपत्र द्यायचं. दिवस मोजायचे ते कोर्टाने पहिली कोठडी दिली तो दिवस धरून. मुदत संपली, आरोपपत्र आलं नाही आणि आरोपीने अर्ज केला, तर जामीन द्यावाच लागतो. गुन्हा किती गंभीर, हा विचारही करता येत नाही. मात्र आरोपीने अर्ज करायच्या आधी आरोपपत्र दाखल झालं, तर हा हक्क गेला. 2001 मध्ये महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलं.

फिर्यादीच्या घरच्यांना हा अन्याय वाटतो, आणि त्यांचं दुःख मी हलकं लेखत नाही. पण ही मुदत नसती तर 'तपास सुरू आहे' एवढ्या एका वाक्यावर कुणालाही पाच वर्षं आत ठेवता आलं असतं. अशा वेळी जाब विचारायचा तो तपास यंत्रणेला. आणि इथेही माणूस निर्दोष सुटत नाही. खटला तसाच चालतो.

'बाहेर येऊन त्याने धमकावलं तर?'

ही शंका सगळ्यात खरी आहे, विशेषतः गावात, जिथे फिर्यादी आणि आरोपी एकाच गल्लीत राहतात. म्हणून कोर्ट अटी घालतं: तालुक्यात पाऊल टाकायचं नाही, ठरलेल्या दिवशी पोलिस ठाण्यात हजेरी, पासपोर्ट जमा, साक्षीदारांशी संपर्क नाही. अटी मोडल्या तर जामीन रद्द होतो. त्यासाठी सरकारी वकिलांची वाट पाहत बसायचं कारण नाही, फिर्यादीही अर्ज करू शकतो. धमकी आली तर तोंडी सांगून थांबू नका. तारीख, वेळ, शब्द यांसह लेखी तक्रार द्या, पोच घ्या, फोनवरचे मेसेज जपून ठेवा. जामीन रद्द करताना कोर्ट असेच कागद मागतं.

जामिनाच्या सुनावणीत पीडिताचं ऐकलं गेलंच पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये लखीमपूर खिरी प्रकरणात सांगितलं आणि आधी दिलेला जामीन रद्दही केला. ॲट्रॉसिटीच्या प्रकरणात तर पीडिताला सुनावणीची आगाऊ सूचना मिळण्याचा हक्क कायद्यातच आहे. कित्येक कुटुंबांना तो ठाऊक नसतो आणि जामीन झाल्याचं आरोपी दारात दिसल्यावर कळतं.

काही कायद्यांत सगळं उलटं

मोक्का (संघटित गुन्हेगारीविरुद्धचा कायदा), यूएपीए (दहशतवादविरोधी कायदा), मनी लाँडरिंग (गुन्ह्यातला पैसा वैध दाखवणं), अमली पदार्थ. या कायद्यांत जामिनाचं दार फार अरुंद आहे. मोक्का, मनी लाँडरिंग आणि अमली पदार्थांच्या अनेक प्रकरणांत आरोपी दोषी नाही असं मानायला सबळ कारण आहे, याची कोर्टाला जामिनाच्या टप्प्यावरच खात्री पटावी लागते. यूएपीएमध्ये आरोप प्रथमदर्शनी खरे वाटले तरी जामीन अडतो. मोक्का आणि यूएपीएमध्ये आरोपपत्राची मुदतही 180 दिवसांपर्यंत वाढवता येते. मनी लाँडरिंगमधली कोर्टाची खात्री पटण्याची अट सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये रद्द केली होती. संसदेने दुरुस्ती करून ती परत आणली आणि 2022 मध्ये न्यायालयाने ती कायम ठेवली. दहशतवाद आणि संघटित गुन्हेगारीसाठी कडक कायदा हवा, हे मान्य. पण आरोपीने निकालाआधीच आपलं निर्दोषत्व दाखवायचं आणि खटला मात्र दहा वर्षं चालायचा, हे जुळत नाही. खटला लवकर संपायची शक्यता नसेल आणि आरोपी बराच काळ आत असेल, तर यूएपीएमध्येही जामीन देता येतो, असं न्यायालयाने 2021 मध्ये म्हटलं.

आपल्यातलं कुणी आत असेल तर

कोठडीतल्या प्रत्येक माणसाला, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असतं, आणि 15100 या क्रमांकावरही मदत मागता येते. जामीनपात्र गुन्ह्यात अटकेपासून आठवड्याभरात जामीनदार देता आला नाही, तर तो माणूस निर्धन आहे असं कायदाच धरतो आणि नुसत्या जातमुचलक्यावर सोडायला सांगतो. अजामीनपात्र गुन्ह्यात जामीन मंजूर होऊन सात दिवसांत माणूस बाहेर आला नाही, तर कारागृह अधीक्षकांनी विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं, आणि महिना उलटला तर अटी सैल करायचा विचार कोर्टाने आपणहून करायचा, असे सर्वोच्च न्यायालयाचे जानेवारी 2023 चे निर्देश आहेत. 'जामीनदार मिळत नाही, अट शिथिल करा' हा साधा एका पानाचा अर्ज असतो.

दुसरी तरतूद नागरिक सुरक्षा संहितेच्या 479 व्या कलमात आहे. गुन्ह्याच्या कमाल शिक्षेच्या निम्मा काळ कच्चा कैदी म्हणून काढला, तर जामिनावर सुटकेचा हक्क मिळतो. पहिलाच गुन्हा असेल तर एक तृतीयांश काळानंतर. फाशी वा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना आणि एकाहून जास्त खटले असणाऱ्यांना हे लागू नाही. कायदा येण्याआधीपासून आत असलेल्यांनाही याचा फायदा द्या, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2024 मध्ये सांगितलं. वरच्या उदाहरणातल्या मजुराचा हा पहिलाच गुन्हा असेल तर तीन वर्षांचा तिसरा हिस्सा म्हणजे एक वर्ष. तो दिवस उजाडला की कोर्टाला लेखी कळवायची जबाबदारी त्याच्यावर किंवा त्याच्या बायकोवर नाही, कारागृह अधीक्षकांवर आहे. त्यांनी कळवलं का, हे विचारायला घरच्यांनी किंवा विधी सेवेच्या वकिलाने त्या तारखेला कारागृहात अर्ज द्यावा आणि त्याची पोच घ्यावी.